गाव गुदमरते आहे, मोजणार कोण?

गळिताचा हंगाम तोंडावर आला आहे. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचे सोहळे होतील, गव्हाणीत मोळी पडेल, पुढाऱ्यांचे हार घातलेले फोटो छापून येतील. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, दौंड तालुक्यात, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या राहू बेटात, केडगाव-पारगावच्या पट्ट्यात मात्र आयाबायांना दुसरीच तयारी करावी लागते. वाफ घ्यायचे भांडे खाली काढायचे, दमेकरी म्हाताऱ्याची खाट ओसरीवरून आत घ्यायची, सकाळच्या शाळेला निघणाऱ्या पोरांच्या तोंडाला रुमाल बांधायचा. उसाच्या या सधन मुलखात हिवाळा हा खोकल्याचा हंगाम झाला आहे आणि ते इतके अंगवळणी पडले आहे की कोणाला त्याची बातमीही करावीशी वाटत नाही. आमच्या लेखी हा गुन्हा आहे. तो रोज घडतो, उघड्यावर घडतो, आणि तो थांबवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे ते स्वस्थ बसले आहेत.

एखाद्या गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी रात्री उभे राहून पाहावे. वर काहिलीत रस रटरटत असतो, मळी काढणारा वाफेत घामाघूम झालेला असतो, आणि खाली चुलवाणाच्या तोंडाशी एक मजूर जाळ घालत बसलेला असतो. उसातून रस काढायचा, उरलेले चिपाड उन्हात वाळवायचे आणि त्याच चिपाडावर त्याच उसाचा गूळ शिजवायचा, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बाहेरून काडी आणायची गरज नाही. पण या पट्ट्यातल्या अनेक गुऱ्हाळांवर चिपाडाच्या शेजारी दुसरा ढीग लागलेला असतो. चपलांचे तळवे, बुटांच्या कारखान्यातली कातरण, रबराचे तुकडे, जुने टायर, सुतळीने आवळलेले प्लॅस्टिकचे गठ्ठे. त्यातले फावडेभर आत ढकलले की जाळाचा रंग पालटतो, धुराड्यातून काळा लोळ उठतो आणि घशाला चरका बसतो. शंभर पावलांवर कोणाचे तरी घर असते. त्या घरात तान्हे मूल झोपलेले असते.

गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, वर्तमानपत्रांनी छापले, अधिकारी येऊन पाहून गेले, ‘कारवाई करण्यात येईल’ असे छापील उत्तर मिळाले. ढीग मात्र पुन्हा लागले.

असे का होते, ते सरळ सांगितले पाहिजे. चरकातून निघालेल्या ओल्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते वाळायला ऊन लागते, जागा लागते, दिवस लागतात. पूर्वी गुऱ्हाळ दिवसाकाठी ठरावीक आधणे काढून थांबे. आता चरक रात्रंदिवस फिरतो आणि काहिली थंड होऊ द्यायची नसते. चिपाड वाळायची वाट पाहण्याइतका दम कोणालाच नाही. अशा वेळी दारात ट्रक येऊन उभा राहतो. त्यातला माल लाकडापेक्षा स्वस्त पडतो आणि भडभडा पेटतो. देणाऱ्याला तो कायदेशीर मार्गाने निकालात काढायचा तर पदरचे पैसे मोजावे लागले असते; घेणाऱ्याची सरपणाची चिंता मिटते. दोघांचा फायदा झाला. तोटा ज्याचा झाला, त्याला या सौद्यात कोणी विचारलेच नव्हते.

प्लॅस्टिक आणि रबर जाळणे म्हणजे लाकूड जाळणे नव्हे, हे अजून आपल्या लोकांच्या गळी उतरत नाही. ज्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरिन असते ते अर्धवट जळाले की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू निघतो आणि डायऑक्सिनसारखी विषे तयार होतात. शरीरात शिरलेले डायऑक्सिन चरबीत मुरते आणि वर्षानुवर्षे बाहेर पडत नाही. टायर जळाला की गंधकाचे वायू, बेंझीन आणि बारीक काजळी बाहेर पडते. म्हणूनच कचरा जाळण्याच्या अधिकृत भट्टीत वायू ८५० अंशांच्या वर निदान दोन सेकंद ठेवावा लागतो आणि पुढे तो धुऊन-गाळून बाहेर सोडावा लागतो. गावच्या चुलवाणाला कसली गाळणी आणि कसले धुणे? एक विटांचे धुराडे, तेही कित्येक ठिकाणी शेजारच्या नारळाएवढ्या उंचीचे.

हिवाळा या पापाला साथ देतो. थंडीच्या दिवसांत आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला लागलेली हवाही. वर उबदार हवेचा थर झाकण घालून बसतो. एरवी उंच जाऊन विरणारा धूर त्या झाकणाखाली कोंडतो आणि नदीकाठच्या सखल रानात पसरून राहतो. पहाटे ज्याला आपण धुके म्हणतो त्यात धुके किती आणि धूर किती, हे नाकाला लगेच कळते. चांगले दहा वाजेपर्यंत ते धुरके हटत नाही. पहाटेची ही वेळ शेतकऱ्याची आहे. दारे धरायला, धार काढायला, डेअरीला दूध घालायला तो याच वेळी बाहेर असतो. ऊसतोडीची टोळी याच वेळी फडात उतरलेली असते, आणि तिची लेकरे बांधावरच्या चिरगुटात झोपलेली असतात. हवा जेव्हा सर्वांत वाईट असते, तेव्हा सर्वांत कष्टाची माणसे छाती भरभरून श्वास घेत असतात.

या सगळ्याचे खापर परप्रांतातून आलेल्या गुऱ्हाळमजुरांवर आणि भाडेकरूंवर फोडायची एक सोयीची पद्धत गावोगाव पडली आहे. ती आम्हाला साफ नामंजूर आहे. चुलवाणाच्या तोंडाशी बसणारा माणूस त्या धुराचा पहिला बळी आहे. त्याची बायकापोरे त्याच पत्र्याच्या खोपीत निजतात. जागा गावातल्या मालकाची आहे, भाडे गावात राहते, वीजजोड गावातल्या नावावर आहे. आपल्या शिवारात काय जळते हे मालकाला ठाऊक नसते, हे आम्ही मानणार नाही. भाडे खिशात घालून नाक दाबून घेणाऱ्या मालकाने स्वतःला निर्दोष समजू नये.

आणि पुणे शहराने तर मुळीच समजू नये. हे शहर आपली घाण पूर्वेकडे ढकलत आले आहे. कोथरूडला वस्ती वाढली तेव्हा तिथला कचरा डेपो उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तिथल्या शेतकऱ्यांच्या विहिरी नासल्या, ढिगांना आगी लागल्या, धुराने गावे कोंडली, आणि रस्त्यावर बसून गाड्या अडवल्याखेरीज त्यांचे कोणी ऐकले नाही. डेपो तरी डोळ्यांना दिसत होता. आता शहराचा आणि औद्योगिक वसाहतींचा न विकला जाणारा कचरा गठ्ठ्यागठ्ठ्यांनी गावोगावच्या भट्ट्यांत पोहोचतो आणि रातोरात दिसेनासा होतो. शहरातल्या ज्या घरात ‘सेंद्रिय’ गुळाची ढेप कौतुकाने आणली जाते, त्याच घरातली तुटलेली चप्पल ती ढेप शिजवायला गेलेली असू शकते. आम्ही पुणेकरांना विचारतो, आपल्या दारातून उचललेला कचरा शेवटी कुठे जातो हे कधी विचारले आहे का? गाडी वळणाआड गेली की आपली जबाबदारी संपली, हा समज सुशिक्षितपणाला शोभणारा नाही.

आता शेतकऱ्याकडे वळतो, आणि त्याला चार कडू गोष्टी सांगतो. त्या सांगण्याचा हक्क आम्हाला आहे, कारण त्याच्या उसाच्या दरासाठी आम्ही आजवर लेखणी झिजवली आहे. ऊस तुटून गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचटाला काडी लावायची, ही चाल अडाणीपणाची आहे. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात चाळीस-पन्नास किलो नत्र, वीस-तीस किलो स्फुरद, पाऊणशे ते शंभर किलो पालाश आणि टनांवारी सेंद्रिय कर्ब असतो. हे सगळे एका काडीने उडवून द्यायचे आणि आठ दिवसांनी खताच्या पोत्यासाठी सोसायटीच्या दारात रांगेत उभे राहायचे! ‘पाचट जाळल्याने खोडवा चांगला फुटतो’, ‘पाचटात उंदीर होतात’, ‘सरीत पाणी पुढे सरकत नाही’ ही उत्तरे आम्ही बांधाबांधावर ऐकली आहेत. खोडवा फुटतो तो बुडखे जमिनीलगत तासल्याने आणि त्यांच्यावर ऊन पडल्याने. त्यासाठी आग लागत नाही. पाचट सरीत दाबावे, बुडखे मोकळे करावेत, हेक्टरी ऐंशी किलो युरिया, शंभर किलो सुपर फॉस्फेट आणि दहा किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. तण दबते, ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या वाचतात. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हे वर्षानुवर्षे सांगत आहेत. मांजरी काही विलायतेत नाही. केडगावच्या माणसाला पुण्याला जाताना ती वाटेतच लागते.

गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला तो अशाच, कोणी न तपासता चालू ठेवलेल्या रूढींवर प्रहार करायला. रूढी काय फक्त सोवळ्याओवळ्याचीच असते? बापाने जाळले म्हणून मुलाने जाळायचे, ही शेतातली रूढी आहे. ज्या केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळात टाकलेल्या मुलींसाठी मुक्ती सदन उभे केले, ज्या लोहमार्गावर केडगावच्या अलीकडे उरुळी कांचनला महात्मा गांधींनी १९४६ साली निसर्गोपचाराचा प्रयोग सुरू केला, त्या भूमीतल्या माणसाला सुधारणा शिकवायला बाहेरून कोणी यावे लागू नये. स्वच्छ हवा आणि पाणी यांनी माणूस बरा होतो, अशी श्रद्धा धरून जिथे रुग्ण येत आले, त्या उरुळीपासून पुढच्या काही स्थानकांवर आज निरोगी माणूस आजारी पडतो आहे.

फड पेटवून ऊस तोडण्याचा प्रकार पाचट जाळण्याहून वाईट. टोळ्या कमी पडतात, मुकादम तारीख देत नाही, ‘खुशाली’चे जादा पैसे मागितले जातात, आणि पेटवलेल्या फडात कोयता भराभर चालतो. मग अडलेला शेतकरी स्वतःच काडी लावतो. इथे दोष त्याचा थोडा आणि कारखान्याचा फार आहे. तोडणीचा कार्यक्रम नीट आखणे हे कारखान्याच्या शेतकी खात्याचे काम. ते जमत नसेल तर संचालकांनी खुर्च्या सोडाव्यात. आणि बॉयलरची काजळी वाळत घातलेल्या धुण्यावर पडते, ती आधी आवरावी. साखर कारखान्याच्या धुराड्यातून घनमीटरमागे १५० मिलिग्रॅमहून अधिक कण निघता कामा नयेत, असा नियम आहे. धूर धुणारी यंत्रणा बसवलेली असते हे आम्हाला माहीत आहे. ती रात्री चालू असते का, एवढेच आम्ही विचारतो.

हे सारे का चालते? कारण खेड्याची हवा कोणी मोजत नाही. देशाने २००९ साली ठरवले की अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तेच १५ वर आणले. केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याएवढे हे कण नाकातल्या केसांना दाद देत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, तिथून रक्तात. २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते, असे ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. त्याच २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला. त्यात पुणे आले, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर आले. शहरे निवडली गेली ती तिथल्या मोजणीच्या आकड्यांवरून. जिथे यंत्र नाही तिथे आकडा नाही, आकडा नाही म्हणून यादीत नाव नाही, नाव नाही म्हणून निधी नाही आणि आराखडाही नाही. ग्रामीण भागात मोजणीचे जाळे विणण्याची गोष्ट त्याच कार्यक्रमाच्या कागदात लिहिलेली आहे. तो कागद राहू बेटात कधी पोहोचणार?

हवेचा अंदाज सांगणारी देशातली अग्रगण्य संस्था, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, पुण्यातच पाषाणला आहे. तिच्या ‘सफर’ यंत्रणेमुळे हडपसरच्या आणि लोहगावच्या माणसाला आजची हवा कशी आहे ते कळते. तिथून पन्नास-साठ किलोमीटरवरचा शेतकरी आपल्या नातवाला दवाखान्यात नेतो, डॉक्टर नेब्युलायझर लावतात, ‘हवा बदलली आहे’ म्हणतात, आणि विषय संपतो. हवा बदललेली नाही. ती बदलवली गेली आहे.

दिल्लीचा धूर संसदेच्या खिडकीत शिरला तेव्हा २०२१ साली संसदेने त्यासाठी खास आयोग स्थापणारा कायदा केला. मुंबईची हवा बिघडली तेव्हा २०२३ साली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली. हे योग्यच झाले. पण मुंबईच्या पावाची भट्टी बदलता येते तर दौंडच्या गुळाचे चुलवाण का बदलता येत नाही? स्वच्छ हवेचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्कातच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सांगितले. त्या निकालात महापालिकेच्या हद्दीची अट नव्हती.

कायदा अपुरा आहे, ही सबब कोणी आमच्यापुढे आणू नये. १९८१ चा हवा प्रदूषण कायदा राज्य सरकारला अयोग्य इंधनावर आणि घातक वस्तू जाळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार देतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड करावा, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच देशभरासाठी फर्मावले आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश देण्याचे अधिकार दंडाधिकाऱ्यांना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ ने होते, नव्या संहितेच्या कलम १५२ ने आजही आहेत. म्हणजे प्रांताधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर उद्या सकाळी नोटीस निघू शकते. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० साली रतलामच्या नगरपालिकेला सुनावले होते. एका बाबतीत मात्र कायद्याची आम्हाला लाज वाटते. हवा आरोग्यास घातक करणाऱ्याला १८६० च्या दंडविधानात पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, आणि २०२३ च्या न्याय संहितेने तो वाढवून किती केला? हजार! माणसाच्या श्वासाची ही किंमत बदलायला हवी, आणि ते काम आपल्या खासदारांचे आहे.

गुऱ्हाळे बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. कारखाना उसाचे बिल चौदा दिवसांत द्यायचा कायदा मोडतो तेव्हा हातावर रोख पैसे ठेवणारे गुऱ्हाळच शेतकऱ्याला तारते. हे ज्याला कळत नाही त्याने या विषयावर बोलू नये. गुऱ्हाळ राहिले पाहिजे, चुलवाणातला कचरा गेला पाहिजे. कोल्हापूरला ऊस आणि गूळ यांच्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. कमी जळणात अधिक आच देणारे चुलवाण, उंच धुराडे, चिपाड वाळवायची शेड यांसाठी कर्ज आणि अनुदान द्या, त्या केंद्राचे ज्ञान इथल्या गावांपर्यंत आणा. ज्या गुऱ्हाळावर तरीही रबर-प्लॅस्टिकचा ढीग सापडेल त्याची वीज त्याच दिवशी तोडा. आणि फक्त गुऱ्हाळवाल्याला पकडून थांबू नका. ट्रक कोणाचा, माल कोणत्या कारखान्याचा, कोणत्या गोदामातून निघाला, हे शोधा. गठ्ठ्यांवरची वेष्टने आणि शिक्के पुसलेले नसतात. आजवर ते कोणी वाचले नाहीत, कारण वाचले असते तर वाट शहरातल्या बड्या दारांपर्यंत गेली असती.

२ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा आहे, आणि ती हंगामाच्या ऐन तोंडावर येते. या सभेला बायांनी मोठ्या संख्येने यावे, कारण रात्री खोकणाऱ्या लेकरापाशी त्याच जागतात. आपल्या हद्दीत रबर, प्लॅस्टिक, टायर जाळू दिला जाणार नाही, पाचट पेटवले जाणार नाही आणि गावात हवा मोजण्याचे यंत्र बसवावे, असा ठराव मांडावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तो इतिवृत्तात शब्दशः लिहिल्याखेरीज उठू नये. गुऱ्हाळमालक पुढच्या रांगेत बसलेला असेल, तो भावकीतला असेल, निवडणुकीत त्याचे उपकार झालेले असतील. तरी मांडावा. दुसऱ्या दिवशी ठरावाची प्रत जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे पोच घेऊन द्यावी, आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्ज जोडावा. प्रश्न तीनच: तालुक्यात गुऱ्हाळे किती, त्यांपैकी किती जणांकडे मंडळाची संमती आहे, आणि त्यांच्या चुलवाणात काय जळते हे शेवटचे कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्याने तपासले? उत्तराला कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. येणारे प्रत्येक उत्तर आम्ही या स्तंभात अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह छापू, आणि मुदतीत उत्तर न आल्यास तेही छापू.